कापसात हरवलेला दात

लग्नाला सव्वा महिना झाला होता आणि मी सासूचा दात पाडला. वरचा, पुढचा, अगदी मधला. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की ऐकणारा आधी तोंड वासतो आणि मग हसतो, याची मला सवय झाली आहे. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नव्हतं. माहेरी परत पाठवतील, असंच वाटलं होतं.

मी उमरखेडची. वडील कचेरीत कारकून, आजोबाही कचेरीतच कारकून. आमच्या घरात कापूस दिसायचा तो गादीत आणि देवाच्या वातीत. बारावीनंतर दोन वर्षं मी गावातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होते. नंबर पुकारायचे, हत्यारं उकळायची आणि पेशंट घाबरला की त्याचा हात धरून बसायचं. फुलसावंगीकडचं स्थळ आलं तेव्हा आमच्या मावश्यांनी नाकं मुरडली. त्या वर्षांत शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी धजत नव्हतं. पेपर उघडला की आमच्या जिल्ह्याचं नाव असायचं आणि ते चांगल्या बातमीत नसायचं. पण मुलगा बघायला आला, चहा सांडला, स्वतःच हसला, आणि मी आईला आत जाऊन सांगितलं की मला चालतो. मावश्या अजून अधूनमधून त्या सांडलेल्या चहाचा विषय काढतात.

सासरी आम्हा दोघांसाठी समोरची खोली रंगवून ठेवली होती. फिकट निळा रंग, नवा पंखा, भिंतीला आरसा. लग्नानंतर आठच दिवसांत तिच्यात कापूस भरला. खरेदी केंद्र आज उघडेल, उद्या उघडेल असं चाललं होतं आणि बाहेर व्यापारी जो भाव सांगत होते तो ऐकून सासरे नुसतं मान हलवून घरी येत. तोवर कापूस ठेवायचा कुठं, तर घरात. गावात सगळ्यांकडे तेच. माणसं ओसरीवर आणि कापूस पलंगावर. मी नवी नवरी स्वयंपाकघरात सासूशेजारी झोपत होते, नवरा ओसरीवर वडिलांशेजारी आणि आमच्या निळ्या खोलीत कापूस पंख्याला टेकला होता. कापसाने अंगाला खाज सुटते, हेही मला तिथंच कळलं. रात्रंदिवस सगळं घर खाजवत असायचं.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामाजी. आत्याबाई पन्नाशीच्या, उंच, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला हुंकार भरायचीही उसंत न देणाऱ्या. त्यांचे दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते आणि त्यांना त्याचा भारी तोरा होता. पोत्याची सुतळी दातांनी तोडायच्या. ऊस दातांनी सोलायच्या. मी दातांच्या दवाखान्यात काम केलेलं, त्यामुळे माझ्या अंगावर काटा यायचा. पण नव्या सुनेनं काय बोलावं? मी दोनदा बोललेच.

"आत्याबाई, कात्री आणून देऊ का?"

"कात्री कायले? दवाखान्यात राह्यली म्हून तुले सारे दात किडकेच दिसतात काय व?"

डिसेंबर सरत आला होता. शेवटच्या वेचणीचा कापूस घरात आला आणि खोलीत जागा उरली नाही. अशा वेळी कापूस तुडवतात. वर चढायचं, खिडकीचा गज नाहीतर वासा धरायचा आणि पायांनी दाबत फिरायचं. कापूस खाली बसतो आणि वर हात-दीड हात जागा होते. आत्याबाई पदर खोचून वर चढल्या आणि मला हाक मारली.

"ये व, चढ वर. उमरखेडच्या पायाले बी कळू दे कापूस काय असते ते."

सांगायला हरकत नाही, त्या घरात मला पहिल्यांदा खरी मजा आली ती तिथं. डोकं वाशाला लागेल एवढ्या उंचीवर आम्ही दोघी वाकून नाचत होतो. पाय गुडघ्यापर्यंत आत जायचे, काढताना तोल जायचा, आणि आत्याबाई हसायच्या. त्या हसल्या की मला आणखी हसू यायचं. त्या तुडवता तुडवता संक्रांतीचे बेत सांगत होत्या. माझी पहिली संक्रांत. काळी साडी कुठली, हलव्याचे दागिने कोणाकडून, हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचं. सारं गाव सून बघायला येणार होतं.

भिंतीजवळ एका ठिकाणी कापूस पोकळ होता. माझा पाय पडला आणि मी कमरेपर्यंत आत गेले. आत्याबाई मला ओढायला वाकल्या. मी त्यांचा हात धरायची वाट न बघता सगळा जोर लावून वर उसळले आणि माझी टाळू थेट त्यांच्या तोंडावर आदळली.

आवाज बारीकच झाला. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि बोटांमधून रक्त आलं. मग त्यांनी हात काढून जिभेने चाचपलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "दात गेला माहा."

दारात मामाजी आले, मागून नवरा आला. मी रडायलाच लागले. मामाजींनी वर पाहिलं, बायको जिवंत आहे अशी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "गेला त गेला. पन्नाशी झाली तुही. सापडला त कवेलूवर फेका अन् खाली या." लहान पोरांचे दुधाचे दात पडले की तिकडे कौलांवर फेकतात. मामाजींच्या लेखी दात म्हणजे दात.

त्या बोलण्यानं माझं रडणं एकदम थांबलं आणि डोकं चालायला लागलं. दवाखान्यात असताना एक माणूस आपल्या तरण्या मुलाला घेऊन आला होता. दोन दिवसांपूर्वी पडलेला दात त्यानं काडेपेटीत कापूस घालून, जपून आणला होता. डॉक्टर डोक्याला हात लावून म्हणाले होते, "अरे, कापसात नाही, दुधात आणायचा. आणि दोन दिवसांनी नाही, अर्ध्या तासात. त्याहून बरं म्हणजे तिथल्या तिथं खाचेत परत बसवायचा." मोठ्या माणसाचा दात मुळासकट पडला तर तो परत लागू शकतो, पण मूळ वाळलं की खेळ संपला, हे मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

"कोणी हलू नका," मी म्हणाले. "दात परत बसतो. पण आत्ताच्या आत्ता सापडला पाहिजे."

नवरा माझ्याकडे पाहतच राहिला. "परत बसते? खिळा हाय काय तो?"

"तुम्ही किराणा दुकानातून उमरखेडच्या डॉक्टरांना फोन करा आणि गाडी काढा," मी म्हणाले. लग्नानंतर मी त्याला दिलेला तो पहिला हुकूम. तो पळाला.

आता शोधायचा कसा? ज्यांना कापूस माहीत नाही त्यांना सांगते, घरात भरलेल्या कापसात सरकी असते. पांढऱ्या पुंजक्यात, दाताएवढ्याच टणक बिया. मी हात घातला की प्रत्येक पुंजक्यात दात लागायचा आणि उलगडला की सरकी निघायची. एक, दोन, दहा, वीस. खिडकी कापसानं झाकलेली, त्यामुळे उजेडही धड नव्हता. मी परत रडकुंडीला आले.

"सर बाजूले," आत्याबाई म्हणाल्या. तोंडाशी पदराचा बोळा, बोलणं फसफसत. "तीस वर्सं वेचला म्या कापूस. मले नोको शिकवू."

त्या जिथं वाकल्या होत्या तिथंच बसल्या. डोळे मिटले. एका हातानं तोंड दाबलेलं, दुसऱ्या हाताची तीन बोटं कापसात. पुंजका उचलायच्या, दाबायच्या, टाकायच्या. पुंजका, दाब, टाक. शेतात वेचताना काडी-पाला बोटांना कळतो आणि तिथल्या तिथं झटकला जातो, तसंच ते चाललं होतं. मी मनातल्या मनात मिनिटं मोजत होते. मामाजी खाली दारात उभे राहून उगाच टॉर्च पंख्यावर मारत होते. पाच-सात मिनिटं झाली असतील. मग आत्याबाईंची बोटं थांबली.

"हे पाह्य. सरकीले टोक नसते एवढं."

त्यांनी दात काढला आणि त्याला चिकटलेला कापूस पदराने खसाखसा पुसायला घेतला.

"पुसू नका." मी ओरडलेच. सासूवर, सव्वा महिन्याच्या सुनेनं. खाली मामाजींची टॉर्च बंद पडली. "मुळाला हात लावायचा नाही. पुसलं की वरचं कातडं निघतं आणि मग दात धरत नाही. द्या माझ्याकडे. इथं धरायचा, चावायच्या बाजूला."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. मग दात माझ्या हातावर ठेवला.

खाली आलो. घरातल्या दुधाचं सकाळीच दही लावलं होतं. आमच्याकडे वेचणीला बंजारा तांड्यावरची एक म्हातारी यायची, तिला सगळे याडी म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती अंगणात शेळी बांधून बसली होती. मी दूध मागितलं, तिनं "चहाले का?" विचारलं, मी "दाताले" म्हणाले, आणि तिनं पुढं एक शब्द न विचारता शेळीची दोन थानं वाटीत पिळली. दात दुधात बुडवून मी हलकेच हलवला. कापसाचे तंतू सुटून वर आले. घासायचा नाही, खरवडायचा नाही, नुसता विसळायचा, असं मी स्वतःलाच बजावत होते.

उंबऱ्यावर, उन्हाकडे तोंड करून मी आत्याबाईंना बसवलं. साबणानं हात धुतले. त्यांनी चूळ भरली. आता बसवायचं. आणि मी वाटीतून उचललेला दात परत वाटीत ठेवला, कारण मी हे स्वतः कधीच केलं नव्हतं. मी चिमटे देत असे, डॉक्टर करत असत.

आत्याबाईंना ते दिसलं. "तुले येते काय व हे?"

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. "पाहिलंय," मी म्हणाले. "केलं नाही."

मामाजी मागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे, डाक्टरच करन."

आत्याबाईंचा चेहरा मला आजही दिसतो. ओठ सुजलेला, हनुवटीवर रक्त वाळलेलं, आणि डोळ्यांत भीती. ती दुखण्याची नव्हती. त्यांना त्यांच्या तोंडाची काळजी होती, त्या हसऱ्या, तोरा मिरवणाऱ्या तोंडाची. "संक्रांतीले गाव येईन," त्या म्हणाल्या. "मी काय तोंडावर पदर घेऊन बसू? कर तू."

आणि त्यांनी आ केला.

फुगीर बाजू बाहेर, खोलगट बाजू आत. शेजारच्या दाताशी जुळवून पाहिलं. अंगठा आणि बोट यांत धरून मी दात खाचेत सरकवला आणि हळू दाबला. त्यांनी माझं मनगट गच्च पकडलं. थोडं अडलं, मग दात आत गेला आणि बसला. माझ्या बोटाला ते कळलं. धुतलेल्या रुमालाची घडी त्यांच्या दातांत देऊन मी म्हणाले, "चावून धरा. डॉक्टर सांगेपर्यंत सोडायची नाही. आणि बोलायचं नाही."

मोटारसायकलवर तिघं. पुढं नवरा, मध्ये आत्याबाई, मागं त्यांना धरून मी. ढाणकीवरून जाताना आठवडी बाजार लागला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालायला लागली. आत्याबाईंना त्या बाजारात ओळखत नाही असं कोणी नव्हतं.

"कुठी चालल्या बाप्पा? सून घेऊन?"

आत्याबाई रुमाल चावून नुसती मान हलवत.

"काहून बोलत नाई? रागावल्या का?"

एका भाजीवालीनं तर नवऱ्याच्या कानाशी वाकून विचारलं की आईची वाचा गेली की काय. नवऱ्याला हसू फुटलं. ते पाहून आत्याबाईंचेही खांदे हलायला लागले, आणि मी मागून त्यांना आवळून म्हणत होते, "हसू नका, आत्याबाई, दात निघेल, हसू नका." पण हुंदके यावेत तसं हसू त्यांच्या अंगातून येत होतं आणि मला पाठीमागे कळत होतं. मग मलाही आवरेना. तिघं हसत, रडत, रुमाल चावत उमरखेडला पोचलो.

डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी पाहिलं, फोटो काढला, परत पाहिलं. "कोणी बसवला?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. चिमट्याने हिरडीच्या कडेला अडकलेला कापसाचा एक धागा काढून त्यांनी उजेडात धरला आणि मिशीत हसले. मग पातळ तार लावून दात शेजारच्या दातांना बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि म्हणाले, "वेळेत झालंय. पण धरेल की नाही ते तार काढल्यावर कळेल. पुढं नस काढावी लागेल. तोवर खिचडी, वरण-भात. पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही."

"सुतळी तर अजिबात नाही," मी म्हणाले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पुढचे बारा-तेरा दिवस मी त्या घरात राज्य केलं. भात मी कालवून द्यायची. मऊ ब्रशनं दात कसे घासायचे ते मी शिकवलं. राखुंडीची डबी मी लपवून ठेवली. रोज सकाळी चूल पेटायच्या आधी त्या अंगणात येऊन तोंड उघडायच्या आणि मी पाहायची. विचारायच्या काहीच नाहीत. मी म्हणायची, "जागेवर आहे." मग त्या कामाला लागायच्या. खरं सांगायचं तर रोज उठल्या उठल्या मी स्वतःलाच विचारायची. दात काळा पडला तर? हलायला लागला तर?

गावात तोवर पसरायचं ते पसरलंच होतं. सुनेनं सासूचा दात पाडला. कोणी म्हणे लाटण्यानं, कोणी म्हणे धक्का दिला. विहिरीवर मी गेले की बायका गप्प व्हायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवरा समजूत काढायचा, "बोलू दे व. आपल्याकडं कापसाशिवाय दुसरा विषय निघाला, तेवढंच." मला ते ऐकून रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

भोगीच्या दिवशी तार निघाली. डॉक्टरांनी दात बोटानं दाबून पाहिला, डावीकडून, उजवीकडून. मी खुर्चीचा हात धरून उभी होते. "धरलाय," ते म्हणाले. आत्याबाईंनी आरशासाठी माझ्याकडे हात केला. मी टेबलावरचा दिला. त्यांनी ओठ वर करून बराच वेळ पाहिलं, आणि मग तिथंच, त्या खुर्चीत, मोठ्यानं हसल्या. बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि ओसरी बायकांनी भरलेली. जागा थोडी, कारण निळी खोली अजून कापसाचीच. मी हळदीकुंकू लावत फिरत होते आणि प्रत्येकीची नजर माझ्यावरून आत्याबाईंच्या तोंडावर जात होती. शेवटी एकीनं धीर केला.

"खरं हाय काय व, दात पाडला म्हने सुनेनं?"

माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता तो मी तसाच धरून राहिले.

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "पाडला तिनंच. डोक्यानं पाडला." मग त्यांनी ओठ वर करून सगळ्यांना दात दाखवला, डावीकडून उजवीकडे, कोणी राहू नये असा. "अन् लावला बी तिनंच, ह्या उंबऱ्यावर, डाक्टरच्या आधी. म्या तिच्यापुढं आ केला. तुमी सांगा बरं, तुमच्यातली कोन देते आपलं तोंड सुनेच्या हातात?"

मी करंडा खाली ठेवला, कारण मला डोळे पुसायचे होते. आणि मग जिनं विचारलं होतं तीच बाई तिळगूळ बाजूला ठेवून माझ्यासमोर सरकून बसली, उजेडाकडे तोंड केलं आणि गाल बोटानं ओढून म्हणाली, "माही बी एक दाढ पाह्य बरं, सूनबाई."